ट्रक ड्रायव्हरची पहिली नोकरी : पगार महिन्यावर, फेरीवर की किलोमीटरवर?

नवी_वाट
नमस्कार मंडळी. अवजड वाहनाचा परवाना हातात आला आहे. आतापर्यंत हलकी मालगाडी चालवली, त्यामुळे रस्ता नवा नाही, पण मोठी गाडी आणि लांबचा पल्ला नवा आहे. तीन ठिकाणी बोलणं झालंय. पहिला मालक महिन्याचा बांधलेला पगार आणि बाहेर असताना रोजचा भत्ता देतो म्हणतो. दुसरा फेरीमागे ठरलेली रक्कम देतो. तिसरी जरा मोठी कंपनी आहे, ती किलोमीटरमागे दर देते आणि सांगते, 'जितकं चालवशील तितकं कमावशील.' कागदावर तिसऱ्याचा आकडा सगळ्यात मोठा दिसतो, पहिल्याचा सगळ्यात लहान. घरचे म्हणतात मोठा घे. माझं मन अडतंय, पण का अडतंय ते सांगता येत नाही. या धंद्यात जे आहेत किंवा होते, त्यांनी सांगावं. सुरुवातीला कोणता पगार बरा? आणि आकडा सोडून आणखी काय विचारून घ्यावं?

मोकळा_रस्ता
फेरीवर घ्या. महिन्याच्या पगारावर कुणाचं घर वर आलेलं मी पाहिलं नाही.

जुना_सारथी
अभिनंदन भाऊ. मन अडतंय ते बरोबरच अडतंय.

किलोमीटरचा दर फक्त चाक फिरतं तेव्हाचा असतो. ड्रायव्हरचं काम मात्र चाक थांबलेलं असतानाही चालूच असतं. गाडी लोडिंगला लावायची, नंबर येईपर्यंत रांगेत थांबायचं, माल मोजून घ्यायचा, ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा, कागद नीट बघायचे. पोहोचल्यावर पुन्हा तेच उलट क्रमाने, आणि शेवटी पोच हातात पडेपर्यंत गोदामाच्या दारात बसायचं. अर्धा दिवस, कधी अख्खा दिवस जातो. त्या वेळात तुम्ही घरी नसता, झोपलेलेही नसता, गाडी सोडून कुठे जाताही येत नाही. किलोमीटर शून्य.

म्हणून तुम्ही दर विचारू नका. विचारा, 'थांबण्याच्या वेळेचे पैसे कोण देतं?' या एका प्रश्नावर तिन्ही मालक वेगवेगळे दिसायला लागतील. जो म्हणेल 'बघू, तसं फारसं थांबावं लागत नाही', त्याच्याकडे सगळ्यात जास्त थांबावं लागतं.

नव्या माणसाला तर हे दुप्पट लागू. चांगल्या, सरळ, पटकन रिकाम्या होणाऱ्या फेऱ्या जुन्या ड्रायव्हरांना मिळतात. नव्याच्या वाट्याला येतो तो रखडणारा माल.

मालक_बोलतोय
दुसरी बाजूही ऐका. माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, आधी मीही स्टिअरिंगवरच होतो. गाडी गोदामाच्या दारात उभी राहिली की माझेही पैसे बुडतात. गाडीचा हप्ता, विमा, कर हे गाडी उभी असली म्हणून थांबत नाहीत. माल पाठवणारा थांबण्याचं भाडं देत नसेल तर मी ड्रायव्हरला कुठून देऊ? आणि बांधील पगारावर काही मंडळी गाडी जेवणाला लावतात ती संध्याकाळीच हलवतात, हेही मी भोगलंय. फेरीवर पैसे दिले की काम वेळेत होतं. यात ड्रायव्हरला लुबाडायचा हेतू नसतो.

नवीन भावाला माझा सल्ला : फेरी घ्या, पण फेरी म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या. परतीचा माल मिळाला नाही आणि गाडी रिकामी आली तर परतीचे पैसे मिळणार का? मुक्काम वाढला तर भत्ता वाढणार का? भांडणं दरावरून कमी आणि या दोन गोष्टींवरून जास्त होतात.

जुना_सारथी
@मालक_बोलतोय, साहेब, तुमचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण बघा, माल पाठवणाऱ्याने गाडी उशिरा सोडली त्याचा तोटा तुमच्यावर आला आणि तुम्ही तो ड्रायव्हरवर टाकला. या साखळीत शेवटचा तोच, त्याला पुढे ढकलायला कुणी नाही. मग तो वेळ भरून काढायला एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता. झोप कापतो आणि वेग वाढवतो. गाडी तुमचीच असते त्याच्याखाली.

मालक_बोलतोय
हे मान्य. मोठ्या गिऱ्हाइकांशी करार करताना मी आता गाडी पोहोचल्यापासून ठरावीक तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, लावतो आणि त्यातला वाटा ड्रायव्हरला देतो. सगळे ऐकत नाहीत. जे ऐकतात त्यांच्याकडे गाड्याही लवकर रिकाम्या होतात, हा माझा अनुभव. फुकट आहे तोवर गिऱ्हाइकाला थांबवण्यात काही वाटत नाही.

राईनकाठ
मी जर्मनीत आहे, मालवाहतुकीच्या कंपनीत वेळापत्रकं लावण्याचं काम करतो. इथली पद्धत सांगतो, कदाचित प्रश्न स्पष्ट व्हायला मदत होईल.

युरोपीय संघाचा 561/2006 हा नियम ड्रायव्हिंगच्या वेळा ठरवतो. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं. ही विश्रांती आधी 15 आणि नंतर 30 मिनिटं अशी तोडता येते. दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा 10 चालतात. आठवड्याला 56 आणि सलग दोन आठवड्यांत मिळून 90 तासांच्या वर नाही. गाडीत टॅकोग्राफ असतो, तो सगळं नोंदवतो.

पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्याच नियमातलं कलम 10. किती अंतर कापलं, माल किती लवकर पोहोचवला किंवा किती माल वाहिला यावर पगार किंवा बक्षीस ठरवलं आणि त्याने रस्त्यावरच्या सुरक्षिततेला धोका होत असेल, तर तशी पगारपद्धत तिथे बेकायदा आहे. म्हणजे 'जितकं चालवशील तितकं कमावशील' या वाक्यातला धोका कायदा करणाऱ्यांनीही ओळखला होता.

2020 च्या दुरुस्तीनंतर आठवड्याची मोठी विश्रांती, म्हणजे 45 तासांची, गाडीच्या केबिनमध्ये घेता येत नाही. राहण्याची सोय मालकाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. सगळीकडे हे तंतोतंत पाळलं जातं असा माझा दावा नाही. विश्रांतिस्थळांवर शनिवार-रविवारी केबिनचे पडदे ओढलेल्या गाड्या मी पाहतो. पण ड्रायव्हरला बोट ठेवायला कागद तरी आहे.

मोकळा_रस्ता
कागदावर बोट ठेवून घरचा किराणा येत नाही हो. आपल्याकडेही कायदे आहेतच की. पाळतं कोण?

कलमदान
आहेत, आणि माहीत असलेले बरे. भारतात 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना तो लागू होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर. तो आता व्यवसायसुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांवरच्या 2020 च्या संहितेत सामावला गेलाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 मध्येही ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर मर्यादा आहे.

मोकळा_रस्ता यांचा मुद्दा कळतो. पण अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा 'हा ड्रायव्हर नोकर होता की नव्हता' इथूनच वाद सुरू होतो. नेमणुकीचा कागद, बँकेत जमा झालेला पगार, हजेरीची नोंद, यांतलं काही नसेल तर माणसाच्या कुटुंबाला पहिली लढाई फक्त तो नोकर होता हे सिद्ध करण्यासाठी लढावी लागते. कामगार भरपाईची अशी प्रकरणं मी हाताळली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. पगार थोडा कमी चालेल, पण तो खात्यात येऊ दे.

सातासमुद्रा
अमेरिकेत माझे यजमान मोठा ट्रेलर चालवतात. इथे लांब पल्ल्याला मैलामागे पैसे हीच जुनी रीत आहे, त्यामुळे नवी_वाट यांच्या तिसऱ्या कंपनीचा नमुना आम्ही घरात जगलोय.

इथला नियम असा. 10 तास विश्रांती झाल्यावर 14 तासांची खिडकी, म्हणजे कामाची सलग मुदत, उघडते, त्यात 11 तास चालवता येतं. 8 तास ड्रायव्हिंग झालं की 30 मिनिटांचा खंड घ्यायचा. पण ती 14 तासांची खिडकी एकदा उघडली की साधारणपणे थांबत नाही. गोदामाने पाच तास अडकवलं तर ते पाच तास खिडकीतून गेले, मैल मात्र एकही नाही. डिसेंबर 2017 पासून इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली, तेव्हापासून वहीत खाडाखोड करून वेळ सरकवण्याचे दिवस संपले. सुरक्षिततेसाठी ते चांगलंच झालं, पण थांबण्याचा तोटा आता लपत नाही, थेट पगारात दिसतो.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. आंतरराज्य वाहतुकीतल्या बहुतेक ट्रक ड्रायव्हरांना इथे केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइम मिळत नाही. 1938 च्या मजुरी कायद्यात त्यांना तेव्हापासून वगळलेलं आहे.

आणि नवीन लोकांसाठी खास : 'शिकवणं फुकट' म्हणणाऱ्या कंपन्यांचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर शिकवण्याचा सगळा खर्च अंगावर येतो. यजमानांना घशाशी आलं होतं तरी मुदत संपेपर्यंत त्याच कंपनीत राहावं लागलं.

फिरतीचाक
ताई, मैल कुठून कुठे मोजतात तेही सांगा. माझ्या मेहुण्याला गाडीच्या मीटरप्रमाणे नाही, नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेप्रमाणे पैसे मिळायचे. मोठी गाडी त्या वाटेने जाऊच शकत नाही. पूल कमी उंचीचा असतो, नाहीतर अवजड वाहनांना बंदी असते.

सातासमुद्रा
अगदी खरं. मीटर आणि पगारपत्रक यांत दर फेरीला फरक पडायचा, आणि तो नेहमी एकाच बाजूला. नवी_वाट, तुमच्या कंपनीला हे नक्की विचारा : किलोमीटर मीटरचे की नकाशाचे? रिकाम्या गाडीचे धरणार का?

मोकळा_रस्ता
इतके प्रश्न विचारलेत तर नोकरी मिळायच्या आधीच जाईल :)

जुना_सारथी
जाऊ दे. या प्रश्नांवर जी नोकरी जाते ती गेलेलीच बरी. चांगल्या ड्रायव्हरांचा तुटवडा आहे म्हणून सगळे मालक रडतात ना? मग दोन प्रश्न ऐकून घ्यायला काय हरकत आहे.

नाडी_पाहणारी
मी डॉक्टर आहे. पगाराचं मला कळत नाही, पण पगार ज्या शरीरातून निघतो त्याबद्दल लिहिते.

सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं. अख्खा दिवस-रात्र जागरण झालं तर ती 0.10 टक्क्यांच्या पातळीला जाते. त्यात शरीराचं घड्याळ रात्री साधारण दोन ते सहा या वेळेत झोपेकडे ओढतं, दुपारी पुन्हा थोडं ओढतं. चहा, मोठ्याने गाणी, काच खाली करणं, याने माणसाला जाग आल्यासारखं वाटतं, पण झोपेची उणीव भरत नाही. डोळे उघडे असताना मेंदू दोन-चार सेकंद झोपतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. हिशोब तुम्हीच करा.

माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरांत कंबरदुखी, मधुमेह, रक्तदाब आणि मूतखडा हे नेहमीचे. मूतखडा का, तर लघवीला थांबायला जागा नाही म्हणून माणूस पाणीच कमी पितो. घोरणं फार असेल आणि दिवसा डुलकी येत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. त्यावर उपचार आहेत. नोकरी जाईल या भीतीने लोक लपवतात, तेवढं करू नका.

स्टिअरिंग_माझं
डॉक्टरताई, लघवीच्या जागेबद्दल लिहिलंत याबद्दल मनापासून आभार, कारण हे कुणी लिहीतच नाही.

मी ट्रक चालवते. गाडी चालवणं अवघड नाही, पॉवर स्टिअरिंग आल्यापासून मनगटाच्या जोराचा प्रश्न उरला नाही. अवघड आहे ते गाडी थांबवणं. रात्री कुठे थांबायचं? उजेड आहे का, इतर गाड्या आहेत का, दार आतून नीट लागतं का, बाथरूमला कडी आहे का. मोठ्या मोठ्या गोदामांत ड्रायव्हरांना आत जाऊ देत नाहीत. आतले स्वच्छतागृह फक्त स्टाफसाठी. मालाला आत घेतात आणि माल आणणारीला दारात ठेवतात.

नवीन माणसाने, पुरुष असला तरी, विचारावं : मुक्काम कुठे करायचा हे कोण ठरवतं? थांबण्याची जागा मी निवडली तर पार्किंगचे पैसे कोण देणार? केबिनमध्ये झोपायला बर्थ आहे का, आणि चालणारा पंखा किंवा एसी आहे का? भारतात 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय. नव्या ड्रायव्हरला मात्र जुनीच गाडी मिळते, त्यामुळे हे विचारायलाच हवं.

फिरतीचाक
एसीने झोप येते असं जुने लोक म्हणायचे.

स्टिअरिंग_माझं
झोप न झाल्याने झोप येते. इंजिनशेजारच्या तापलेल्या केबिनमध्ये दुपारी पडून बघा, डोळ्याला डोळा लागतो का. मग रात्री काय होईल?

घाट_उतरणीला
थोडं विषयाबाहेर, पण नवीन आहात म्हणून. डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस देणारे मालक असतात. वाईट नाही, पण त्या लोभाने उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढवाल त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरवू नका, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग आवरणारा) असेल तर तो वापरा. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ड्रमवर येतो, ड्रम तापला की ब्रेक पकडणं सोडतो. वर सारखा ब्रेक दाबत राहिलात तर टाकीतली हवा उतरते. शिवाय आजकालच्या इंजिनांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं. म्हणजे वाचतही नाही.

जुना_सारथी
लाखातली गोष्ट सांगितलीत. पहिल्या लांब फेरीवर जुन्या ड्रायव्हरबरोबर पाठवणार का, हेही विचारा. आणि त्या दिवसांचे पैसे पूर्ण की अर्धे तेही. काही जण 'शिकतोयस ना' म्हणत महिनोन्महिने फुकट राबवून घेतात.

मालक_बोलतोय
आणि कपात! हे कुणी लिहिलं नाही अजून. माल कमी भरला, गोणी फाटली, टायर कापला, दंड झाला, यातलं काय काय ड्रायव्हरच्या पगारातून जाणार? मी मालक असून सांगतो, ओव्हरलोडचा दंड ड्रायव्हरकडून घेणारा माणूस सोडून द्यावा. माल किती भरायचा ते ड्रायव्हर ठरवत नाही. माल मोजून घेतला नाही म्हणून तूट आली तर ती त्याची जबाबदारी, हे मात्र मी मानतो. त्यासाठी सील लावलेली गाडी असेल तर सीलचा नंबर कागदावर लिहून घ्या, फोटो काढा.

उचल घेताना जपून घ्या. नवीन पोरं पहिल्याच महिन्यात मोठी उचल घेतात आणि मग पटत नसलं तरी वर्षभर सोडता येत नाही.

राईनकाठ
थांबण्याच्या वेळेवरून आठवलं. जपानमध्ये एप्रिल 2024 पासून ट्रक ड्रायव्हरच्या ओव्हरटाइमला वर्षाला 960 तासांची मर्यादा आली. तेव्हा ड्रायव्हर कमी पडतील म्हणून सगळे चिंतेत होते, आणि मग चर्चा आपोआप लोडिंगच्या रांगांवर आली. ड्रायव्हरचा वेळ मर्यादित झाल्यावर तो फुकट घालवणं कुणालाच परवडेना.

ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये ट्रक ड्रायव्हरचा मोबदला आणि सुरक्षितता एकत्र धरून दर ठरवणारं न्यायाधिकरण स्थापन झालं आणि 2016 मध्ये ते रद्दही झालं. स्वतःची एकच गाडी असलेल्या लोकांनीच जोरदार विरोध केला, कारण ठरवून दिलेल्या दराने आपल्याला काम मिळणार नाही अशी त्यांना भीती होती. म्हणजे मालक_बोलतोय यांची अडचण तिथेही होतीच. तरी त्या देशातल्या बहुतेक राज्यांत अवजड वाहनांच्या कायद्यात जबाबदारीची साखळी आहे. ड्रायव्हर थकून चालवत होता तर वेळापत्रक लावणारा, माल भरणारा, माल मागवणारा, सगळ्यांना जाब विचारता येतो. मला हे फार पटतं.

कलमदान
आपल्याकडे हेच हवंय. अपघात झाला की ड्रायव्हरचं नाव पहिल्या ओळीत येतं, वेळ ठरवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदतच घ्या. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस. अंतराच्या मानाने पुरेशी आहे, पण गाडी लोड व्हायच्या आधीच बिल काढून ठेवलं तर थांबण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो आणि घाई ड्रायव्हरच्या पायावर येते. मुदत वाढवता येते, पण ती माल पाठवणाऱ्याने किंवा वाहतूकदाराने वाढवायची असते.

मोकळा_रस्ता
बरं, मी दोन पावलं मागे येतो. फेरी घ्या म्हणालो ते माझ्या अनुभवावरून. माझ्या वाटेवर दोन्ही टोकांना माल पटकन उतरतो, म्हणून मला फेरी परवडते. ज्याच्या वाट्याला रांगा आहेत त्याने महिन्यावर राहावं. निदान पहिलं वर्ष.

नवी_वाट
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समोर बसूनही सांगितलं नसतं. काल आणि आज तिन्ही ठिकाणी पुन्हा गेलो.

किलोमीटरवाल्या कंपनीने सांगितलं की अंतर नकाशाचं, रिकाम्या गाडीला अर्धा दर, थांबण्याचे पैसे नाहीत. करारावर लगेच सही करा म्हणाले, घरी न्यायला दिला नाही. फेरीवाल्या मालकाने थांबण्याबद्दल 'बघू' म्हटलं (जुना_सारथी काका, शब्द तोच!). परतीचे पैसे गाडी भरून आली तरच.

महिन्याचा पगार देणाऱ्याकडे जरा वेळ गेला. पगार खात्यात, पहिल्या काही फेऱ्या जुन्या ड्रायव्हरबरोबर पूर्ण पगारावर, मुक्काम वाढला तर भत्ता वाढणार. दंडाबद्दल म्हणाला, वेग आणि सिग्नलचा मी भरायचा, वजनाचा आणि गाडीच्या कागदपत्रांचा तो भरणार. आठवड्याच्या सुट्टीवर अडला. 'गाडी घरी आली की सुट्टी' म्हणतो.

कलमदान
ते लिहून घ्या. सलग किती दिवस बाहेर राहिल्यावर गाडी घरी आणायची, तो आकडा कागदावर येऊ द्या.

स्टिअरिंग_माझं
आणि घरी आल्यावर किती दिवस, तेही. नाहीतर सकाळी आलात की संध्याकाळी पुढच्या लोडिंगचा फोन येतो.

नवी_वाट
दोन्ही उद्या विचारतो. तो हो म्हणाला तर तिथेच रुजू होतो. आकडा लहान आहे, पण किती येणार ते महिन्याच्या पहिल्या तारखेलाच माहीत असेल. घरच्यांना थांबण्याचा हिशोब कागदावर मांडून दाखवला, त्यांनाही पटलं.

जुना_सारथी
छान. एक छोटी वही जवळ ठेवा. गाडी कितीला पोहोचली, कितीला रिकामी झाली, रोज लिहा, आणि पोचवर आत-बाहेरची वेळ टाकून शिक्का घ्या. वर्षाने पगारवाढ मागायला जाल तेव्हा तीच वही पुढे ठेवता येईल.

घाट_उतरणीला
टँकरच्या नोकरीबद्दल कुणी लिहील का? धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याचे पैसे जास्त मिळतात का?

मालक_बोलतोय
मिळतात, आणि मिळायलाच हवेत. पण अर्ध्या भरलेल्या टँकरमध्ये ब्रेक मारल्यावर आतला माल पुढे कसा ढकलतो ते मोठं प्रकरण आहे. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.